स्पेक्ट्रमच्या खेळांतले मैलाचे दगड कशाने मोजावेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती संगणकांच्या आरंभकाळावर जो लेख आला, त्यातील 'झेडएक्स स्पेक्ट्रमचे गाजलेले खेळ' ही चौकट मी दोनदा वाचली. पहिल्यांदा आनंदाने वाचली, कारण या यंत्राचे नाव मराठी वर्तमानपत्रात छापलेले फार वर्षांनी पाहिले. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती, कारण चौकटीत दोन चुका आहेत आणि त्यांच्याहून मोठा एक गैरसमज आहे. चुका दाखवायला चार ओळी पुरल्या असत्या. गैरसमजासाठी मात्र पत्र लांबवावे लागत आहे. कात्री आपल्या हाती आहेच.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की वेंगुर्ल्यात मी तीसेक वर्षे रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालवले. मस्कतला नोकरीस असलेले माझे थोरले बंधू १९८५ च्या मे महिन्यात सुट्टीवर आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत टू-इन-वन आणि अत्तराच्या बाटल्यांच्या जोडीला रबरी कळांचे एक काळे, वहीएवढे यंत्र होते. ते स्पेक्ट्रम. त्याचे चित्र यूएचएफ पट्ट्यातल्या ३६ व्या वाहिनीवर निघते, आणि आमच्या घरच्या देशी कृष्णधवल संचाला तो पट्टाच नव्हता. त्यामुळे पहिले आठ दिवस यंत्र कोनाड्यात पडून राहिले. शेवटी मॉड्युलेटरच्या, म्हणजे चित्र वाहिनीवर चढवणाऱ्या भागाच्या, अलीकडून सिग्नल काढून, मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालून, मी तो संचाच्या व्हिडिओ विभागाला जोडला. (अशा संचाच्या सांगाड्यात वीज खेळत असते, हा उद्योग कोणीही करू नये.) पुढे आसपासच्या गावांतून, बहुधा आखातातून किंवा बोटीवरच्या माणसांबरोबर आलेली अशी आणखी काही यंत्रे दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर आली. दुरुस्ती झाली की तपासणीसाठी खेळ चालवून पाहावाच लागे, हे माझे घरी सांगायचे कारण होते आणि ते निम्मे खरेही होते.

आता चुका. 'एलीट' हा खेळ स्पेक्ट्रमवर जन्मला असे चौकटीत म्हटले आहे. इयन बेल आणि डेव्हिड ब्रेबेन यांनी तो बीबीसी मायक्रो या संगणकासाठी लिहिला आणि १९८४ साली ॲकॉर्नसॉफ्टने प्रसिद्ध केला. स्पेक्ट्रमवर तो १९८५ मध्ये आला. बीबीसी मायक्रो म्हणजे तेच यंत्र, जे १९८४ पासून केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून आपल्या देशातल्या निवडक शाळांना मिळाले. दुसरी चूक 'नाइट लोअर'ची. घनाकृती देखावा तिरक्या कोनातून दाखवणारा हा पहिला खेळ नव्हे. त्याच्या आधी, १९८३ सालीच, सँडी व्हाइट यांचा 'अँट अटॅक' स्पेक्ट्रमवर आला होता. त्यात तटबंदीचे ओसाड नगर होते, प्रचंड मुंग्या होत्या आणि अडकलेल्या माणसाची सुटका करायची होती. खेळण्यासाठी मुलगा घ्यायचा की मुलगी, हे सुरुवातीलाच विचारणारा हा खेळ होता आणि ही गोष्ट त्या काळी विरळा होती. पुरवणीतल्या चौकटीत या खेळाचे नावही नाही.

गैरसमज असा, की खेळ निवडताना लेखकाने खपाचा आकडा पाहिला, आणि शेवटी 'आजच्या मानाने हे खेळ बाळबोधच' असा शेरा मारला. ज्याला यंत्राची मापे ठाऊक आहेत, त्याच्या हातून हा शेरा लिहिला जाणार नाही. म्हणून आधी मापे सांगतो.

केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी स्पेक्ट्रम जाहीर केला. १६ केबी (किलोबाइट) स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड आणि ४८ केबीच्या यंत्राची १७५ पौंड होती. विद्युतरचना रिचर्ड ऑल्टवॉसर यांची, बेसिक या संगणकभाषेची त्यातली आवृत्ती स्टीव्हन व्हिकर्स यांची आणि ते देखणे बाह्यरूप रिक डिकिन्सन यांचे. आत साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर. ४८ केबी म्हणजे किती, तर व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येणारे फुलांचे एक चित्रही बहुधा त्यात मावणार नाही. त्यातले ६,९१२ बाइट पडद्यासाठीच अडकत. पडद्यावर २५६ गुणिले १९२ ठिपके, त्यांना ६,१४४ बाइट लागत आणि रंगांना उरलेले ७६८. रंगांची ही काटकसर कशी साधली? पडद्याची आडवी ३२ आणि उभी २४ अशी घरे पाडलेली, प्रत्येक घर आठ बाय आठ ठिपक्यांचे, आणि एका घरात एका वेळी दोनच रंग. हिरव्या झाडापुढून पिवळा गडी गेला की घराच्या त्या तुकड्यात झाड पिवळे होई किंवा गडी हिरवा. आवाजासाठी वेगळी चिप नव्हती; एक बारीकसा स्पीकर होता आणि त्याला प्रत्येक टिचकी प्रोसेसरनेच मारायची. त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या कमोडोर ६४ मध्ये हलत्या चित्रांसाठी आणि संगीतासाठी स्वतंत्र सोय होती. स्पेक्ट्रममध्ये यातले काहीही नव्हते, जॉयस्टिक लावायला जागासुद्धा नव्हती.

तेव्हा या यंत्रापुरता मैलाचा दगड म्हणजे असा खेळ, ज्याने या अडचणींपैकी एखादीतून आधी कोणाला न सुचलेली वाट काढली आणि मागून येणारे त्या वाटेने चालू लागले. खेळ साध्या टेपच्या कॅसेटवर येत; त्या किती विकल्या गेल्या हा दुकानदाराचा हिशेब झाला. आमच्याकडे तर तोही लागू पडत नाही. इथे पोचलेल्या कॅसेटी एकावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा उतरवलेल्या असत. वरच्या कागदावर बॉलपेनने खेळाचे नाव, तेही निम्मे चुकीचे. खेळ लिहिणाऱ्याचे नाव त्यावर कधीच नसे, आणि आम्हीही तेव्हा ते विचारले नाही, याची आज थोडी लाज वाटते.

'मॅनिक मायनर'पासून सुरुवात करतो, कारण चौकटीत त्याची बोळवण 'उड्या मारण्याचा खेळ' एवढ्या शब्दांत झाली आहे. तो १९८३ साली बग-बाइट या लिव्हरपूलच्या कंपनीने काढला आणि लिहिणारा मॅथ्यू स्मिथ तेव्हा १७ वर्षांचा होता. खेळात २० गुहा आहेत. पुढे एका मित्राच्या मदतीने मी यंत्राची स्मृती उघडून पाहिली, तेव्हा कळले की प्रत्येक गुहेसाठी बरोबर १,०२४ बाइट राखलेले आहेत. गुहेची मांडणी, तिचे नाव, किल्ल्यांच्या जागा, शत्रूंच्या येरझाऱ्या, हवा किती वेळ पुरणार हे सारे त्या एका केबीत. एखाद्या सुगरणीने डब्यांच्या उतरंडीत वर्षाचे सामान लावावे तसे ते लावले होते. पण याहूनही मोठी करामत संगीताची. मघाशी म्हटले तसे स्पीकरला टिचक्या मारण्याचे काम प्रोसेसरचेच. तो सूर काढत बसला तर गडी हलवणार कोण? दशावतारात पेटी वाजवणाऱ्यानेच त्याच वेळी रंगमंचावर जाऊन संकासुराचे सोंग नाचवायचे, तसला हा पेच. म्हणून तोवरच्या खेळांत गडी हालत असताना सूर बंद असत, सूर वाजताना गडी थिजलेला असे. स्मिथने खेळाच्या प्रत्येक फेरीत धुनेचा एक अगदी लहान तुकडा बसवला. तुकडे इतक्या झपाट्याने एकामागून एक येतात की कानाला ती ग्रीग या नॉर्वेच्या संगीतकाराची सलग चाल वाटते. सूर जरा घोगरा येतो खरा. पण स्पेक्ट्रमवर खेळ चालू असताना संगीत वाजत राहते, हे लोकांनी पहिल्यांदा ऐकले ते इथे. त्याच एका टिचकीच्या स्पीकरमधून पुढे १९८७ च्या सुमारास टिम फॉलिन या किशोरवयीन मुलाने एकाच वेळी अनेक सूर ऐकू येतील अशा रचना काढल्या. त्या पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा यंत्रात कोणी वेगळी चिप बसवली असावी अशी मला शंका आली होती आणि मी झाकण उघडून पाहिले होते.

स्मिथचाच पुढचा खेळ 'जेट सेट विली', १९८४ चा. एकामागून एक ठरीव गुहा ओलांडण्याऐवजी इथे ६० दालनांचा वाडा आहे आणि कोणत्या दाराने कुठे जायचे हे खेळणाऱ्याने ठरवायचे. या खेळाची एक हकिकत मुद्दाम सांगण्याजोगी आहे. माळ्याच्या दालनात एकदा पाऊल टाकले की नंतर काही इतर दालनांत शिरताच मरण येई आणि खेळ पूर्ण होणे अशक्य होई. प्रकाशकांनी आधी तो हेतुपुरस्सर ठेवलेला विषारी वायू असल्याचे सांगून पाहिले. नंतर चूक मान्य करून, स्मृतीतले कोणते आकडे बदलले म्हणजे खेळ पुरा होतो ते जाहीर केले. बेसिकमध्ये त्या आज्ञेला 'पोक' म्हणतात. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये हात घालून तो दुरुस्त करता येतो, ही गोष्ट कित्येक मुलांना पहिल्यांदा कळली ती या चुकीमुळे. मूळ कॅसेटबरोबर रंगीत ठिपक्यांचा एक तक्ता येई आणि खेळ सुरू करण्यापूर्वी त्यातले रंग विचारले जात, जेणेकरून नक्कल कॅसेट निरुपयोगी ठरावी. रंगीत झेरॉक्स तेव्हा कोणाच्या आवाक्यात होती? आमच्याकडे आलेल्या प्रतीतून तो प्रश्नच कोणीतरी उपटून टाकलेला होता. आमच्या कृष्णधवल पडद्यावर रंग ओळखणे तसेही कठीण गेले असते.

खपाच्या हिशेबामुळे चौकटीत जागा न मिळालेला आणि माझ्या मते या यंत्रावरचा सर्वांत थोर खेळ म्हणजे 'द लॉर्ड्स ऑफ मिडनाइट'. माइक सिंगलटन हे इंग्रजीचे शिक्षक. त्यांनी १९८४ साली हा खेळ लिहिला आणि बियाँड या कंपनीने तो काढला. त्यातल्या बर्फाळ राज्यात सुमारे ४,००० ठिकाणे आहेत. प्रत्येक ठिकाणी उभे राहून आठ दिशांना पाहता येते, म्हणजे ३२,००० देखावे झाले. एक देखावा चित्र म्हणून साठवायला काही केबी लागतात, हे वरच्या आकडेमोडीवरून वाचकांच्या लक्षात आले असेल; ३२,००० देखाव्यांना त्या काळच्या किती यंत्रांची स्मृती लागली असती याचा हिशेब मी एकदा पाटीवर मांडून पाहिला आणि सोडून दिला. सिंगलटन यांनी एकही देखावा साठवला नाही. कोणत्या ठिकाणी डोंगर आहे, कुठे रान, कुठे बुरूज, कुठे गाव, एवढीच नोंद ठेवली. खेळणारा ज्या दिशेला तोंड करील, त्या दिशेच्या नोंदी वाचून यंत्र लांबचा डोंगर लहान आणि जवळचा मोठा असे चित्र त्या क्षणी रचते. लँडस्केपिंग असे त्या तंत्राला नाव दिले होते.

या खेळात पडद्यावर नकाशा दिसत नाही. आपण कुठे आहोत हे भोवतालच्या खुणांवरूनच ताडायचे. आमच्या बंदरातले जुने होडीवाले डोंगराचा कडा आणि देवळाचा कळस एका रेषेत आला की पाण्यातली जागा ओळखतात. त्यांच्यापैकी एकाचा मुलगा हा खेळ आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला खेळे, आणि मला त्यात काही नवल वाटले नाही. शिवाय जिंकण्याच्या वाटा दोन. सरदारांची फौज जमवून उत्तरेतल्या शत्रूचा गड घ्यायचा, किंवा एका पोरसवदा मुलाला चोरपावलांनी पाठवून त्या शत्रूच्या बळाचे मूळ असलेला बर्फाचा मुकुट नष्ट करायचा. दिवसा आपण चाली करायच्या, रात्री शत्रूने. एकेका सरदाराच्या डोळ्यांनी पाहत अख्खे युद्ध चालवायचे ही कल्पना ४८ केबीत आली, आणि ती पाहिल्यानंतर 'बाळबोध' हा शब्द कसा वापरायचा ते लेखकानेच सांगावे. रंगही मोजकेच, पांढरे आणि निळे. आमच्या कृष्णधवल संचावर या खेळाने फारसे काही गमावले नाही.

'नाइट लोअर'कडे वळतो. तो पहिला नसला तरी त्याचा मान खोटा नाही. टिम आणि ख्रिस या स्टँपर बंधूंच्या अल्टिमेट या कंपनीने तो १९८४ च्या अखेरीस आणला. 'अँट अटॅक'मध्ये नगर घनाकृती होते, पण इथे खोलीतली प्रत्येक वस्तू घन आहे: ती ढकलता येते, तिच्यावर चढता येते, तिच्यामागे लपता येते, आणि गडी तिच्यामागे गेला की नेमका तेवढाच भाग झाकला जातो. यासाठी प्रत्येक चित्राबरोबर त्याची एक काळी साचेवजा आकृतीही ठेवावी लागते. आधी साच्याने मागचे पुसायचे, मग त्या जागी चित्र बसवायचे. हे काम प्रोसेसरला जड जाते. म्हणूनच खोलीत वस्तू जास्त असल्या की गडी संथ चालतो आणि रिकाम्या खोलीत पळत सुटतो. रंगांची खिचडी होऊ नये म्हणून एका खोलीला एकच रंग, हा तोडगाही इतका साधा की आपल्याला का सुचला नाही असे इतरांना वाटले असेल. पुढची काही वर्षे या पद्धतीच्या खेळांचा पूर आला. त्यातला जॉन रिटमन आणि बर्नी ड्रमंड यांचा १९८७ चा 'हेड ओव्हर हील्स' मला मुळापेक्षाही उजवा वाटतो. स्टँपर बंधूंनी नंतर सांगितले, की 'नाइट लोअर' त्यांच्या 'सेबर वुल्फ'च्या आधीच तयार होता, पण तो बाजारात आला की आपलेच इतर खेळ जुने वाटू लागतील म्हणून त्यांनी तो दाबून ठेवला. याच बंधूंचा १९८३ चा 'जेटपॅक' केवळ १६ केबीच्या यंत्रावर चाले. तोही चौकटीत यायला हवा होता.

शब्दांच्या खेळांत 'द हॉबिट'चा उल्लेख लेखकाने केला आहे आणि त्याबद्दल मी आभारी आहे. पण 'प्रसिद्ध कादंबरीवरचा चित्रमय खेळ' या वर्णनात त्याचा प्राणच निसटला. हा खेळ १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये तयार झाला, व्हेरोनिका मेगलर आणि फिलिप मिचेल यांच्या हातून, आणि मेगलर तेव्हा विद्यार्थिनी होत्या. तोवरच्या बहुतेक शब्दखेळांना दोन शब्दांच्याच आज्ञा समजत. याला क्रियाविशेषणासह अख्खे वाक्य समजे. त्याहून विलक्षण म्हणजे त्यातली इतर पात्रे आपल्या हुकमाची वाट पाहत बसत नाहीत. आपण काहीच टंकले नाही तरी वेळ सरतो, ती हिंडतात, भांडतात, कधी आपल्या डोळ्यांआड मरतातही, आणि थोरिन नावाचे पात्र ऐन संकटात खाली बसून सोन्याबद्दल गाऊ लागते. आमच्याकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांना तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असे. त्यांनी या खेळापायी शब्दकोश उघडला, हे मी दुकानात पाहिले आहे.

तसाच जिवंतपणा 'स्कूल डेझ'मध्ये. मायक्रोस्फिअर ही डेव्हिड आणि हेलन रेडी या पती-पत्नींची घरगुती कंपनी, चित्रे कीथ वॉरिंग्टन यांची, साल १९८४. अख्खी शाळा, तिचे वेळापत्रक, वर्गावर जाणारे मास्तर, फळा, दांडगट मुलगा, हुशार मुलगा. आपण एरिक. शिक्षकांच्या खोलीतल्या तिजोरीतून आपले प्रगतिपुस्तक पळवायचे, आणि शिक्षा म्हणून लिहायच्या ओळी १०,००० च्या वर गेल्या की शाळेतून नाव कमी. सुरुवातीला मास्तरांची आणि मुलांची नावे बदलून हवी ती देता येत. आमच्या पोरांनी काय केले असेल हे सांगायला नको. एके दिवशी गावातले एक वयस्क शिक्षक रेडिओ न्यायला दुकानात आले आणि पडद्यावर स्वतःचे नाव वाचून थबकले. पाच मिनिटे मुकाट्याने पाहत राहिले, मग म्हणाले, "गणिताक मी कधी इतक्यो ओळी देवक नाय." रेडिओ घेऊन गेले. पण नंतर महिनाभर ते दर शनिवारी येत.

गणपतीत आणि मे महिन्यात मुंबईकर मंडळी घरी आली की 'केऑस' लागे. ज्युलियन गॉलप यांचा १९८५ चा हा खेळ दोन ते आठ जणांनी एकाच यंत्रावर आळीपाळीने खेळायचा. प्रत्येक जण जादूगार, मंत्राने प्राणी उभे करायचे. प्राणी खरा उभा करायचा तर मंत्र फसण्याची भीती. आभासी उभा केला तर तो हमखास उभा राहतो, पण कोणी त्यावर अविश्वास दाखवला की नाहीसा होतो. ज्यांनी पत्त्यांतला 'चॅलेंज' खेळला आहे, त्यांना यातली गंमत फोडून सांगावी लागणार नाही. चित्रे अंगठ्याच्या नखाएवढी, आवाज जेमतेम, आणि तरीही पडवीत रात्री दोनपर्यंत आरडाओरडा. गॉलप यांनी पुढे १९९४ साली 'यूएफओ: एनिमी अननोन' हा जगभर गाजलेला डावपेचांचा खेळ रचला, त्याचे बीज इथले आहे. चौकटीत त्याऐवजी 'डेली थॉम्प्सन्स डेकॅथलॉन'ला भरपूर जागा मिळाली आहे. तो खपला हे खरे. दोन कळा जमेल तितक्या वेगाने बडवायच्या म्हणजे गडी धावतो, एवढाच तो खेळ. त्याने माझ्या दुकानाला कळफलकाची गिऱ्हाइके दिली, म्हणून मी त्याचा ऋणी आहे, पण मैलाचा दगड म्हणणार नाही.

यंत्राची पुढची कथा थोडक्यात. कंपनीचे संस्थापक क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी आपला संगणकांचा व्यवसाय एप्रिल १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडला ५० लाख पौंडांना विकला. त्याच वर्षी डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' नावाने हे यंत्र भारतात काढले, आणि १९९२ मध्ये स्पेक्ट्रमचे उत्पादन थांबले. क्लाइव्ह सिंक्लेअर सप्टेंबर २०२१ मध्ये वारले. ॲमस्ट्रॅडने १९९९ साली एम्युलेटरसाठी, म्हणजे आजच्या संगणकाला जुन्या यंत्राचे सोंग आणायला लावणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, मूळ रॉम (यंत्रातला कायमचा प्रोग्रॅम) वापरण्यास परवानगी दिली, त्यामुळे वर सांगितलेले बहुतेक खेळ आज संगणकावर किंवा मोबाइलवरही पाहता येतात, आणि माझे म्हणणे वाचकांना स्वतः तपासता येईल.

आता एक विनंती, आणि ती या किनारपट्टीवरच्या वाचकांना आहे. खाऱ्या दमट हवेत यंत्राच्या मागच्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात. त्या खोडरबराने साफ होतात. ४११६ जातीच्या स्मृतीच्या चिपा जळतात, कळफलकाखालच्या पातळ पटलाची शेपटी मोडते. हे सगळे बदलता येते. कॅसेटला मात्र बुरशी लागली की ती वाढतच जाते. ज्यांच्या माळ्यावर अशा कॅसेटी असतील, त्यांनी त्या येत्या मृगापूर्वी उतरवून घ्याव्यात. पांढुरके ठिपके दिसले तर ती कॅसेट चांगल्या टेपरेकॉर्डरमध्ये घालू नये. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. आतल्या फेल्टची गादी निखळली असेल तर स्क्रूने उघडणाऱ्या दुसऱ्या कॅसेटच्या कवचात फीत हलवावी. हेडचा स्क्रू अगदी हलक्या हाताने फिरवून सूर जिथे सर्वांत तीक्ष्ण ऐकू येईल तिथे थांबवावा. स्पेक्ट्रम शून्यासाठी आखूड ठोका आणि एकासाठी त्याच्या दुप्पट लांबीचा ठोका वापरतो. म्हणून टेपरेकॉर्डरवरचे डॉल्बी (खरखर कमी करण्याची सोय) बंद ठेवावे आणि संगणकावर उतरवताना एमपी३ ऐवजी वेव्ह फाइल करावी, नाहीतर ठोक्यांच्या कडा बोथट होतात. विकतच्या खेळांच्या प्रती जगात इतरत्र आहेत. इथल्या मुलांनी स्वतः बेसिकमध्ये लिहून त्याच कॅसेटींच्या दुसऱ्या बाजूला साठवलेले जे काही असेल, ते दुसरीकडे कुठेही नाही.

आपल्या पुढच्या अंकात 'एलीट' आणि 'नाइट लोअर'विषयीची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त रेडिओ-टीव्ही दुरुस्ती कारागीर,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग

ता. क. : माझ्याकडची 'नाइट लोअर'ची प्रत कोणीतरी डबलबारी भजनाच्या कॅसेटवर उतरवलेली आहे. खेळाची कर्कश शिट्टी संपली की दोन सेकंद शांतता, आणि मग अर्ध्यावरून पखवाज सुरू होतो. बुवा कोण ते आवाजावरून ओळखता आले नाही. दोन्ही उतरवून ठेवले आहे. कोणास ओळखता आल्यास कळवावे.